दोन तारा कमी

शुक्रवार. फलज अल कबाइलला दुपारची बांग होऊन गेलीय,
बिजू भात निवळतोय, खोलीभर वाफ,
आणि मी संगणकापुढे मांडी घालून,
हातात कॅमेऱ्याची वायर,
सुईत दोरा न जाणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

कॅमेरा काल मुश्ताक परकारने आणला
गुहागरहून, सुक्या बोंबलांच्या पिशवीत.
पडदा त्याच्या पोराने वाटेत फोडला,
पण आत स्लॅबचे फोटो आहेत. माझ्या घराच्या स्लॅबचे.
मूळ वायर तिकडेच राहिली.
ही मोतालेबच्या चार्जरची.

खोचली. कॅमेऱ्याचा दिवा लागला, हिरवा, ठणठणीत.
संगणक ढिम्म.
टिंग नाही, पिवळं चिन्ह नाही,
कोपऱ्यात 'उपकरण ओळखता आले नाही' एवढंही नाही.
अरे, नाही ओळखलंस तर नाही म्हण!
व्हिसाच्या खिडकीतला माणूससुद्धा
मान तरी हलवतो.

दिवसभर मी चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनेलात हात घालतो
आणि इथे पाच व्होल्ट मला खेळवतायत.

पुढचा पोर्ट सोडून मागचा धरला.
मागच्यात वाळू, सातूच्या पिठासारखी,
कुठल्या वादळाची कोण जाणे.
टूथब्रशने झाडली, फुंकर मारली, सगळी डोळ्यात.
संगणक बंद केला, प्लग उपटला, साठपर्यंत मोजलं,
पुन्हा चालू.
त्याच पोर्टात माऊस लावला तर माऊस पळतो.
म्हणजे पोर्ट शहाणा.
बिजू म्हणाला, जेवून घे आधी.
मी म्हटलं, थांब.
भाताची खीर झाली तरी मी थांबच म्हणत होतो.

शेवटी शाजीला फोन, सूकमधल्या दुकानात.
"वायर कसली आहे?"
"काळी."
"रंग नाही विचारला. आत काय आहे?"

मनातल्या मनात मोतालेबची माफी मागून
कटरने साल काढली.
लाल. काळी.
बस्स.
हिरवी नाही, पांढरी नाही.
लाल-काळी वीज नेतात, हिरवी-पांढरी बोलणं.
स्वस्तातल्या वायरीत बोलणाऱ्या तारा घालतच नाहीत,
तेवढंच तांबं वाचतं.
दिवा लागतो ना? मग गिऱ्हाईक खूश.

अकरा वर्षं तारा जोडून खाणाऱ्या माणसाने
हे सगळ्यात आधी बघायचं.

ती दोन टोकं चिमटीत धरून बसून राहिलो.
दर महिन्याच्या दोन तारखेला
पैसे पाठवून दुकानाबाहेरूनच फोन लावतो मी.
पोचले का? पोचले.
सळई घेतली? घेतली.
बरं.
बरं.
कार्डात पैसे उरतात नेहमी.

संध्याकाळी सहाशे बैसाची नवी वायर. टिंग.
फोटो आले एकेक, वरून खाली, पडदा ओढल्यासारखे:
सळयांची जाळी, मिक्सर, चुन्याच्या रेघा,
गवंडी नारळ फोडताना, अर्धा नारळ चौकटीबाहेर,
कुणाचा तरी अंगठा.
सतराव्या फोटोत प्रमिला,
सिमेंटच्या गोणी मोजून वहीत लिहितेय,
चष्मा लावून.

चष्मा.
एक काडी दोऱ्याने बांधलेली.

फोटो मोठा केला, आणखी मोठा,
तिच्या डोळ्यांचे चौकोन चौकोन होईस्तोवर.
स्लॅब बघायचा राहूनच गेला.

फोन लावला. तारीख दोन नव्हती, म्हणून ती घाबरली.
"काय झालं?"
"काही नाही. चष्म्याचा नंबर किती तुझा?"
पलीकडे काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.
मी ठेवला नाही, हलवला नाही,
कानाशी घट्ट धरून साठपर्यंत मोजू लागलो.
चाळीसला म्हणाली,
"कुठला? आधीच्याचा, की ह्याचा?"